‘गेला-गेली’सारखंच आहे, मग एवढं कौतुक कशाला? या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कानाकुरू या नायजेरियातल्या भाषेत क्रियापदाला मागे कर्त्याचं शेपूट लागतं याचं मी आधीच्या लेखात उगाच कौतुक केलं, आपल्या ‘गेला-गेली’त तेच आहे, आणि तशीही ती हाउसा या पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या भाषेचीच बोली.

बोली नाही हो. दोन्ही पश्चिम चाडिक नावाच्या एकाच भाषागटातल्या, म्हणजे नातं आहे, पण भाषा वेगळ्या. ईशान्य नायजेरियात गोंगोला नदीच्या बाजूला शेलेन भागात कानाकुरू बोलतात, ते लोक स्वतः तिला डेरा म्हणतात आणि भाषाशास्त्रज्ञ पॉल न्यूमन यांनी १९७४ मध्ये तिचं अख्खं व्याकरण छापलंय.

आता शेपूट. ‘ना पोरोनो’ म्हणजे मी बाहेर पडलो, ‘आ पोरोनी’ म्हणजे तो बाहेर पडला. पुढे ‘ना’ आहेच, तरी मागे परत ‘नो’, म्हणजे मी एकदा पुढे आणि एकदा मागे. बाई बोलली तरी ‘नो’च, आपल्यासारखं पडलो-पडले नाही. आणि खरी गंमत पुढे आहे, हे शेपूट फक्त अकर्मक क्रियापदालाच लागतं, कर्म घेणारं क्रियापद आलं की गायब! आपणही भूतकाळात कर्म बघूनच ‘ती गेली’ पण ‘तिने आंबा खाल्ला’ करतो, त्यामुळे तुमची तुलना अगदीच चुकीची नाही, पण आपलं ‘ली’ हा नुसता प्रत्यय आहे आणि त्यांचं ‘नो’ हे चक्क सर्वनाम आहे, हा फरक मला फार मोठा वाटतो.

उदाहरणांत सूर, म्हणजे आवाजाचा चढ-उतार, दाखवले नाहीत हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. भाषा सुरांची आहे, चढा-उतरता सूर देवनागरीत नुसता लिहून कळत नाही, पुढच्या वेळी खुणा देईन.

तुमच्यामुळेच एक जवळची तुलना सुचली. हाउसात ‘या यी ताफियारसा’ म्हणतात, शब्दशः ‘त्याने त्याचं जाणं केलं’, अर्थ ‘तो आपला निघून गेला’. हा आपला ‘आपला’ बघा ना! तो आपला गेला, ती आपली गेली, मी आपली गप्प बसले. कर्त्याचीच सावली वाक्यात परत येते. आपण तो मनात आलं तर घालतो, हाउसातही तसंच, कानाकुरूत मात्र ‘बाहेर पडलो’ म्हणताना ते शेपूट टाळताच येत नाही.