आधी सँडल, मग कात्री

"रस्ता झाडतेयस का?" या एका वाक्यापायी आज अजून एक चांगली जीन्स वाया गेली.

शेजारची मुलगी दुपारी नवीकोरी फ्लेअर्ड जीन्स (गुडघ्याखाली घंटेसारखी पसरत जाते ती) घेऊन आली, डोळे भरलेले. लेबलवर आतली, म्हणजे जांघेपासून खालपर्यंतची, लांबी ३२ इंच, मुलगी पाच फूट तीन. घरच्यांनी वरचं वाक्य ऐकवलं आणि ही बया जीन्स एकदाही न धुता, रबरी चप्पल घालून नाक्यावरच्या अल्टरवाल्याकडे गेली. त्याने घोट्यापाशी खडूची रेघ मारली आणि चार इंच उडवले. राहिले २८. मग घरी आणून धुतली, तर अजून अर्धा इंच आटली. आता दोन इंची हिल्सवर ती जमिनीपासून साडेतीन इंच वर लटकतेय आणि घंटेतून लोलक डोकवावा तसे घोटे डोकावतायत.

अगं बायांनो, साडी नेसताना आधी सँडल घालता ना? मग जीन्सनेच काय पाप केलंय?

फ्लेअरची मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, जमिनीपासून अर्धा इंच वर हवी, फार तर पाऊण. पण ती पायात चप्पल-बूट असताना. तेही जी जोडी या जीन्सवर घालणार तीच. सपाट चप्पल आणि तीन इंची टाच दोन्हींवर एकच फ्लेअर चालत नाही. दोन जोड्यांच्या टाचेत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर एक जोडी निवडा आणि विषय संपवा. सरळ घेराच्या वाइड-लेगलाही हाच हिशोब. आखूड वाइड-लेग हवी असेल तर मग धीटपणे आखूड करा, घोट्याच्या हाडाच्या दोन इंच वर. मधली लांबी म्हणजे धुण्यात आटल्यासारखी दिसते.

माप घेताना आरशात खाली वाकून बघू नका. वाकलं की मागची बाजू वर जाते आणि माप चुकतं. कंबर जिथे दिवसभर राहणार तिथे बसवा, दोन्ही पायांवर सारखा भार, नजर समोर, आणि टाचण्या दुसऱ्याने लावायच्या. टाचेकडून. मग बसून उठायचं, दहा पावलं चालायचं, पुन्हा बघायचं. स्ट्रेच डेनिम असेल तर संध्याकाळपर्यंत कंबर सैल पडून जीन्स थोडी खाली उतरते, म्हणून तिथे पाऊण इंच ठेवा. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा, एक पाय किंचित लांब असणारी माणसं कमी नाहीत.

आणि आधी धुवा! दोनदा. कापड कारखान्यात आटवलेलं असलं तरी पहिल्या धुण्यांत दोनेक टक्के आटतं, म्हणजे बत्तीस इंचांत अर्धा-पाऊण इंच. न आटवलेलं कच्चं डेनिम तर सात-आठ टक्क्यांनीही आटतं. या पोरीची जीन्स धुतल्यावर साडेएकतीस भरली असती. हिल्सवर तिला साडेतीस हवी होती. म्हणजे कापायचा होता एक इंच. एक! कापले चार.

बरं, लांबी गेली ती गेली, घेरही गेला. फ्लेअर गुडघ्यापासून उमलत जाते. हिच्या जीन्सचा घेर गुडघ्याशी १७ इंच, मोहरीला २३, मधलं अंतर १८. म्हणजे खालून दर इंच कापला की एक तृतीयांश इंच घेर कमी. चार इंचांत सव्वा इंचाच्या वर घेर उडाला. शिवाय जीन्सचा गुडघा तिच्या गुडघ्याखालीच राहिला, तो कुठे हलणार? त्यामुळे फ्लेअर उशिरा सुरू होते आणि लगेच संपते. दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त कापावं लागत असेल तर ती जीन्स घेऊच नका, कमी लांबीची शोधा. सरळ वाइड-लेगला ही भानगड नाही, ती खुशाल कापा.

दुमडही सुरकुतलीये. कारण सोपं आहे. फ्लेअरमध्ये आत दुमडलेली कड बाहेरच्या कापडापेक्षा घेराने मोठी असते, रुंद दुमड घातली की जास्तीचं कापड चुण्या पाडतं. दुमड अर्ध्या इंचाची बारीक घ्यायची, नाहीतर आतून वेगळी पट्टी लावायची. सोळा किंवा अठरा नंबरची सुई, टाका साडेतीन-चार मिलीमीटर. जाड शिवणीचा उंचवटा हातोडीने आधी ठोकून चपटा करायचा आणि मशीनच्या दाबपट्टीमागे (सुईपाशी कापड दाबून धरते ती) डेनिमची घडी सरकवून तिची पातळी सारखी करायची, नाहीतर टाके उडतात.

त्या अल्टरवाल्यावर दुपारी फार राग आला होता. आता टाइप करता करता उतरतोय. सत्तर-ऐंशी रुपयांत तो माणूस काय काय विचारणार? "कुठली सँडल घालणार ताई" हे विचारायला त्याला वेळ नाही, गिऱ्हाइकाला सांगायचं सुचत नाही.

आणि हो, घरच्यांचं पावसाळ्यापुरतं बरोबर आहे, मान्य. सुती कापड वातीसारखं पाणी वर ओढतं, मोहरी चिखलात टेकली की पोटरीपर्यंत ओल चढते आणि त्या वजनाने कंबरही खाली येते. जून ते सप्टेंबर आखूड वाइड-लेग घाला ना. त्यासाठी फ्लेअरचा गळा कशाला कापायचा? कड झिजायची भीती असेल तर टाचेकडच्या बाजूला आतून चार इंच लांबीची जाड टेप शिवून घ्या. साडीला फॉल लावतो तेच काम. सत्तरच्या दशकात लोक बेलबॉटमच्या मोहरीला धातूची चेन (झिप) लावून घेत, कड झिजू नये म्हणून.

या जीन्सचं काय? कापलेले तुकडे परत मिळाले तर बरंच काही. तीन-तीन इंचांचे दोन तुकडे, मूळ शिलाईसकट. आत्ताची दुमड उसवली की एक इंच सुटतो. दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच शिवणीत धरून तुकडा परत जोडला तर लांबी बरोबर साडेतीस. जोड दिसेल, पण विटकरी-पिवळ्या दोऱ्याने वरून टीप मारली तर मुद्दाम केल्यासारखा दिसेल. म्हणून अल्टरला टाकताना तुकडे मागून घ्याच, त्या रंगाचं डेनिम बाजारात शोधून मिळत नाही.

पोरीला संध्याकाळी तिकडे पिटाळलं होतं. चिंध्यांच्या पोत्यातून एकाच पायाचा तुकडा सापडला. त्याची दुमड उसवून दोन्ही पायांना आतून लावायच्या पट्ट्या तेवढ्या निघतील. जीन्सची दुमडही उसवायची, पाव इंच शिवणीत गेलं की लांबी सव्वाअठ्ठावीस होईल, सपाट चपलेवर जमिनीपासून सव्वा इंच वर. जुन्या दुमडीची पांढरट रेघ दिसेल ती दिसेल.