‘तुम्ही म्हणजे तुमचा मेंदू’: या दाव्यात काय निसटतं

गेली काही वर्षं एक मजकूर थोड्याफार फरकाने मराठीत फिरतो आहे. त्याचा आशय असा: तुम्ही म्हणजे तुमचा मेंदू. नाती, स्वभाव, ‘मी’पण हा सगळा त्या सव्वा-दीड किलोच्या अवयवाने उभा केलेला भास. पुरावे ठरलेले. फिनिअस गेज या अमेरिकी लोहमार्ग कामगाराच्या मेंदूला झालेला अपघात. स्मृती गेली की माणूस गेला. मेंदू दुसऱ्या शरीरात बसवला तर ‘तुम्ही’ त्या शरीरात जाल. आणि शेवटी, मेंदू मृत झाला की कायदाही माणसाला मृत मानतो. विचार नवा नाही. डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९९४ साली जवळपास हेच मांडलं होतं. पण आता हे ‘विज्ञानाने सिद्ध झालं’ म्हणून सांगितलं जातं, आणि ते ऐकून घराघरांत आजारी माणसांबद्दल निर्णय होतात. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी मान्य काय ते सांगतो. मेंदूशिवाय माणूस असत नाही. आत्म्याचं वजन २१ ग्रॅम असतं हा संदेशही मला तितकाच अमान्य आहे. डंकन मॅकडूगल या अमेरिकी डॉक्टरांनी मरणासन्न माणसांना वजनकाट्यावर ठेवून काढलेला तो आकडा १९०७ साली प्रसिद्ध झाला, आणि तोही एकाच रुग्णाच्या नोंदीवरून. माझा आक्षेप ‘मेंदूशिवाय नाही’ वरून ‘मेंदू म्हणजेच’ वर मारलेल्या उडीला आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाकिटातल्या पाचशेच्या नोटेचा कागद बदलला नाही, शाई बदलली नाही, आणि मध्यरात्रीनंतर ती नोट चलन राहिली नाही. कागदाशिवाय ती नोट नव्हती हे खरं, पण कागद कितीही तपासला तरी तिचं चलन असणं त्यात सापडलं नसतं. कोणाची तरी आई असणं, दिलेल्या शब्दाला बांधलेलं असणं, कोणाचा तरी गुरू असणं, या गोष्टी अशाच दोघांच्या किंवा अनेकांच्या मध्ये असतात. त्या वजा करून उरतो त्याला ‘मी’ म्हणायचं तर म्हणा, पण आपण ज्याला ओळखतो तो माणूस तो नव्हे.

आता गेज. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधलं कॅव्हेंडिश. लोहमार्गासाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू ठासायची लोखंडी पहार, साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची, पंचविशीतल्या गेजच्या डाव्या गालातून शिरली आणि डोक्याच्या वरून बाहेर पडली. तो वाचला. पण शिवराळ, लहरी, कशातच टिकून न राहणारा झाला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी १८६८ साली लिहिलं की मित्र म्हणत, हा आता गेज राहिला नाही. फिरणाऱ्या मजकुरात गोष्ट इथे संपते.

गेज मात्र त्यानंतर जवळपास बारा वर्षं जगला. काही काळ घोड्यांच्या तबेल्यात काम केल्यावर १८५२ साली तो चिलीला गेला आणि तिथे वाल्पराइसो ते सँटियागो मार्गावर प्रवासी घोडागाडी हाकू लागला. हे काम म्हणजे काय, ते जरा जवळून पाहा. पहाटे उठून घोड्यांचं बघायचं. उतारूंशी नीट बोलायचं, तेही परक्या भाषेच्या देशात. सामान चढवायचं. मग सहा घोड्यांचे लगाम हातात धरून, कोणता घोडा बिचकतोय आणि कोणता अंग चोरतोय हे ओळखत तासन्‌तास गाडी न्यायची. लहरी, बेभरवशाच्या माणसाला असं काम कोणी वर्षानुवर्षं ठेवत नाही. गेजचं आयुष्य बारकाईने शोधणारे मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांचं म्हणणं असं की त्या कामातल्या रोजच्या शिस्तीने त्याला पुन्हा बऱ्याच अंशी सावरलं. पुरावे थोडके आहेत, हे खरं. पण ‘गेज संपला’ याचे पुरावेही थोडकेच आहेत, आणि तेच शाळा-कॉलेजांत दीडशे वर्षं सांगितले जात आहेत. कपाळामागचा गेलेला भाग काही पुन्हा उगवला नाही. घोडे, वाट, वेळ आणि त्याच्यावर भरवसा टाकणारी माणसं मिळाली, एवढाच फरक पडला.

यावर उत्तर येतं: ‘मेंदूनेच नवीन जोडण्या केल्या असतील.’ केल्या असतीलच. पण कशामुळे केल्या? लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे वाटा आणि जागा लक्षात ठेवायला लागणाऱ्या अवयवाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. २०११ साली शिकाऊ चालकांना आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा ती वाढ परीक्षा पास झालेल्यांत दिसली, नापास झालेल्यांत नाही. म्हणजे त्या डोक्यात जे आहे ते लंडन शहराने आणि चार-चार वर्षांच्या मेहनतीने घडवलेलं आहे. माणूस समजायला मेंदू पाहावा लागतो, तसा मेंदू समजायला त्या माणसाचं जगणं पाहावं लागतं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो: स्मृती गेली की माणूस गेला. इंग्रज संगीततज्ज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांना १९८५ साली मेंदूज्वर झाला आणि त्यानंतर त्यांना काही सेकंदांपलीकडचं काही ध्यानात राहीना. आपण आत्ताच जागे झालो, असं ते वहीत पुन्हा पुन्हा लिहीत. पण पियानोसमोर बसवलं तर वाजवत, आणि पत्नी खोलीत आली की दर वेळी पहिल्यांदाच भेटल्याच्या आनंदाने तिला मिठी मारत.

माझ्या एका मावशीला स्मृतिभ्रंश आहे. मुलाचं नाव आठवत नाही, आज कोणता वार हे सांगता येत नाही. पण घरी आलेली बाई निघाली की ती ‘थांब गं, अशी जाऊ नकोस’ म्हणत करंडा शोधते. डॉक्टर म्हणतील, सवयीची स्मृती मेंदूच्या वेगळ्या भागात असते, तो भाग शाबूत आहे. बरोबर आहे. पण कुंकू लावायला समोर कपाळ पुढे करणारी कोणी लागते. ती थांबली नाही, ‘मावशींना काय कळतंय आता’ म्हणून चपला घालून निघून गेली, तर मेंदू तोच राहून मावशी तेवढी कमी होते. हे मी होताना पाहिलं आहे, आणि ते आजारामुळे झालं नव्हतं.

नातेवाइकांना काय वाटतं याचा अभ्यासही झाला आहे. नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स या संशोधकांनी २०१५ सालच्या अभ्यासात मज्जासंस्थेच्या तीन प्रकारच्या विकारांच्या रुग्णांच्या घरच्यांना विचारलं, तुमचा माणूस अजून ‘तोच’ वाटतो का? विसरण्याने उत्तर फारसं बदललं नाही. माया, प्रामाणिकपणा, दुसऱ्याची कदर ओसरली, तिथे ‘तो आता तोच वाटत नाही’ हे उत्तर वाढलं. याने तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुटत नाही. पण ‘आठवणी म्हणजेच माणूस’ असं जवळची माणसं मानत नाहीत, एवढं दिसतं.

मेंदूच्या अदलाबदलीबद्दल थोडक्यात. ती कोणी केलेली नाही, ही कल्पना आहे, आणि कल्पनेतलं उत्तर सिद्धता म्हणून देता येत नाही. तीस वर्षं एका गळ्यावर रियाज केलेल्या गायिकेचा मेंदू दुसऱ्या गळ्याला जोडला, तर त्या गाण्याचं काय होईल, हे मजकूर लिहिणाऱ्याने एकदा विचारून पाहावं.

राहिला कायदा. आपल्याकडच्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभ मृत्यू (ब्रेन-स्टेम डेथ), म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा तळाचा भाग कायमचा बंद पडणं, हा मृत्यू मानला. ते योग्यच आहे, आणि अवयवदानाबद्दल कोणाच्याही मनात माझ्यामुळे किंतु येऊ नये. पण त्याने ‘मेंदू नाही तर माणूस नाही’ एवढंच ठरतं, आणि ते मी सुरुवातीलाच मान्य केलं. पुढे काय होतं तेही बघा. दात्याने हयातीत अर्ज भरलेला असला, तरी आपल्याकडे प्रत्यक्षात घरच्यांना विचारलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उपचारांबाबतच्या इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली, म्हणजे स्वतः बोलता येईनासं झाल्यावरही उपचार कुठवर करायचे याबाबत त्या व्यक्तीचा शब्द चालतो. तो शब्द त्या घडीला तिच्या मेंदूत नसतो. कागदावर असतो, आणि ‘तिला हे आवडलं नसतं’ असं अतिदक्षता विभागाबाहेर उभं राहून डॉक्टरांना सांगणाऱ्या मुलीच्या तोंडी असतो. फिरणारा मजकूर या मुलीच्या आणि तिच्या आईच्या नात्याला भास म्हणतो. डॉक्टर मात्र तिचं ऐकूनच पुढचं ठरवतात.