पीव्हीसी खाली, टेफ्लॉन वर: केबल जॅकेटची ही शिडीच चुकीची आहे

एक चार्ट सध्या खूप फॉरवर्ड होतोय. त्यात केबलच्या जॅकेटची, म्हणजे बाहेरच्या आवरणाची, शिडी काढलीय, सगळ्यात खाली पीव्हीसी, त्यावर एलएसझेडएच (लो स्मोक झीरो हॅलोजन, म्हणजे जळताना कमी धूर देणारं आणि क्लोरीनसारखे हॅलोजन नसलेलं), मग पीयूआर (पॉलियुरेथेन), मग सिलिकॉन आणि टोकाला टेफ्लॉन. खाली लिहिलंय की बजेट असेल तितकं वर चढा, वरचं मटेरियल खालच्याची सगळी कामं करतं, आणि जाड जॅकेट घेतलं की बाकी काही बघायची गरज नाही. लोक हे वाचून खरंच ऑर्डर टाकतायत म्हणून मुद्दे घेऊन लिहितोय. ही शिडी नाहीच मुळी, यातलं प्रत्येक मटेरियल काही गोष्टींना टिकतं आणि काही गोष्टींपुढे हात टेकतं.

"पीव्हीसी म्हणजे नाइलाज." अजिबात नाही. कोरडी जागा, ट्रेमध्ये एकदा टाकलेली न हलणारी केबल, तापमान 70 डिग्रीच्या आत, तेल नाही ऊन नाही, तिथे पीव्हीसी वर्षानुवर्षं काही तक्रार न करता चालतं आणि तिथे महागडं जॅकेट घालणं म्हणजे पैसे वाया. पीव्हीसी मार खातं ते तेलाजवळ, आणि का ते समजून घ्या. पीव्हीसी मुळात कडक असतं, मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर मिसळतात, पण तो रेझिनला, म्हणजे मूळ प्लास्टिकला, केमिकली बांधलेला नसतो, त्यामुळे कटिंग ऑइल लागत राहिलं की हळूहळू बाहेर ओढला जातो. सीएनसी मशीनच्या आतली जुनी सेन्सर केबल हातात घेऊन बघा, आधी नुसती ताठ झालेली जाणवते, मग ग्लँडच्या (केबल पेटीत शिरते तिथे तिला घट्ट धरणारा भाग) तोंडाशी जिथे वाक पडतो तिथे बारीक आडव्या भेगा दिसतात. कूलंट (कापताना मशीनवर सोडलं जाणारं थंड करणारं द्रव) त्या भेगेतून आत शिरतो आणि कोअरच्या, म्हणजे आतल्या आवरण असलेल्या तारांच्या, मधल्या फटीतून केशाकर्षणाने सरकत सरकत पार दुसऱ्या टोकाच्या कनेक्टरपर्यंत जातो, फॉल्ट दिसतो तिकडे आणि भेग असते इकडे, म्हणून लोक सेन्सर बदलत बसतात आणि केबल तशीच राहते.

बरं, पीव्हीसीतही सगळं एकसारखं नसतं. यूएल या अमेरिकी टेस्टिंग संस्थेच्या ऑइल रेस 1 या तेल सहन करण्याच्या टेस्टमध्ये सॅम्पल 100 डिग्रीच्या तेलात 4 दिवस ठेवतात, ऑइल रेस 2 मध्ये 75 डिग्रीला तब्बल 60 दिवस. दोन्ही केबल पीव्हीसीच, पण मशीनवर दोघींचं आयुष्य वेगळं. चार्टमध्ये याबद्दल एक शब्द नाही.

"एलएसझेडएच म्हणजे सुधारित पीव्हीसी, सगळीकडे चालतं." हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. एलएसझेडएच कशासाठी आहे? पीव्हीसी रेझिनच्या वजनात जवळपास 57 टक्के क्लोरीन असतं, जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसाचा श्वास कोंडतो आणि आग विझल्यावरही पॅनलमधले कॉन्टॅक्ट आणि पीसीबी गंजत राहतात. बोगदा, कंट्रोल रूम, जिथून माणसांना पटकन बाहेर पडता येत नाही अशी जागा, तिथे एलएसझेडएच हवंच, याबद्दल वाद नाही. पण हॅलोजन काढून आग रोखायची तर त्यात अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखं फिलर (भर घालायची पावडर) खच्चून भरावं लागतं, वजनाने 60 टक्क्यांच्या आसपास, ते 200 डिग्रीच्या पुढे पाणी सोडतं आणि ज्वाळा थंड करतं. इतकं फिलर भरलं की प्लास्टिकची ताकद कमी होते, ओढताना कोपऱ्यावर घासलं की चिरतं, ओलावा जास्त धरतं, आणि साध्या ग्रेडला तेल फारसं मानवत नाही. अशी केबल कूलंटच्या धारेखाली किंवा ड्रॅग चेनमध्ये (मशीनच्या हलत्या भागासोबत केबल नेणारी साखळी) टाकली तर चांगल्या पीव्हीसीच्या आधी ती जाईल.

त्यात अजून एक गोंधळ आहे, लोक समजतात एलएसझेडएच म्हणजे आग पसरणार नाही. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांपैकी 60754 हे हॅलोजन अॅसिड गॅससाठी, 61034 धुरासाठी, आग पसरण्याचं 60332 वेगळंच. त्यातही 60332-1 मध्ये एकटी केबल उभी धरून जाळतात, 60332-3 मध्ये केबलचा अख्खा गठ्ठा. ट्रेमध्ये पन्नास केबल एकत्र जात असतील तर एकट्या केबलच्या टेस्टवर समाधान मानू नका. आणि आगीत सर्किट चालू राहायला पाहिजे असेल तर ते 60331, त्याचा जॅकेटच्या या तीन अक्षरी-चार अक्षरी नावांशी संबंध नाही, त्यासाठी आत मायका (अभ्रक) टेप वगैरे लागतं.

"पीयूआर घेतलं की विषय संपला." घासण्याला आणि तेलाला पीयूआर खरंच जबरदस्त, ड्रॅग चेनमध्ये माझी पहिली पसंती तीच. पण पॉलिएस्टर आणि पॉलिईथर असे दोन प्रकार आहेत, पॉलिएस्टरवाला गरम ओलाव्यात हायड्रोलिसिसने, म्हणजे पाण्याशी प्रक्रिया होऊन, तुटतो, म्हणून पाण्यात मिसळलेलं कूलंट असेल तर पॉलिईथर मागून घ्या. कडक अॅसिड, अल्कली, रोज गरम पाण्याने वॉशडाऊन, तिथे टीपीई (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) किंवा दुसरं काही बघा. वेल्डिंगचे ठिपके पडत असतील तर साधं पीयूआर वितळतं, क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे रेणू एकमेकांना जोडून न वितळणारं केलेलं, पाहिजे. आणि आतला कंडक्टर जाड तारांचा असेल तर वर पीयूआर असूनही तो चेनमध्ये तुटणारच.

"गरम जागा म्हणजे सिलिकॉन." 180 डिग्रीपर्यंत ठीक, पण सिलिकॉनला एक बारीक कट लागला की तो फाटतच जातो, धारदार ट्रेवरून ओढू नका. पेंट शॉपमध्ये तर त्याला बहुतेक ठिकाणी बंदीच असते, सिलिकॉनचा अंश पृष्ठभागावर गेला की पेंटला खड्डे पडतात.

"टेफ्लॉन सगळ्यात वर." टेफ्लॉनचे दोन प्रकार, त्यातलं पीटीएफई 260 आणि एफईपी 200 डिग्रीच्या आसपास चालतं, जवळजवळ कुठलंही केमिकल त्याला लागत नाही. पण केबल ताठ होते, सतत वाकवायला नको, रेडिएशनमध्ये पीटीएफई फार लवकर खराब होतं, आणि फार तापलं तर निघणारा धूर अतिशय विषारी. सर्वोच्च वगैरे काही नाही.

जाडीचं म्हणाल तर तेल न मानवणारं मटेरियल दुप्पट जाड केलं की ते थोडं उशिरा खराब होतं, एवढंच, आणि तेवढ्याच वाकाला बाहेरच्या बाजूवर ताण उलट वाढतो. तापमानाचा आकडा बघतानाही दोन ओळी वाचा, न हलणाऱ्या केबलसाठी वेगळा आणि हलणाऱ्यासाठी वेगळा असतो, थंडीत तर फरक मोठा पडतो. उघड्यावर किंवा जमिनीखाली न्यायची केबल असेल तर कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पावडर) घातलेलं पीई (पॉलिइथिलीन), जमिनीवर फरफटणारी असेल तर निओप्रीन रबर, ही दोन्ही नावं त्या शिडीवर नाहीतच.

शंका असेल तर केबलचे तुकडे कापा, टोकं सील करा, तुमच्याच मशीनमधल्या कूलंटमध्ये, चालू असतं त्या तापमानाला दोन आठवडे बुडवून ठेवा. आधी आणि नंतर व्यास आणि वजन मोजा, फुगली की मटेरियल तेल पितंय, हलकी झाली की प्लास्टिसायझर निघालाय, आणि मग एका बारीक रॉडभोवती गुंडाळून भेगा पडतायत का ते भिंगातून बघा.