पाणी विचारू नका

कोरफडीइतकं निगरगट्ट झाड नाही. दृष्ट लागू नये म्हणून लोक तिला दाराच्या चौकटीला उलटी टांगतात. ना माती, ना पाणी, तरी ती महिनोन्‌महिने हिरवीगार! भुसावळचा 45 अंशांचा मे महिना तिने पचवलेला असतो. म्हणून कमी पाण्याची बाग म्हटलं की सगळे तिच्याकडे बोट दाखवतात. तीच बियांपासून वाढवायला घेतली की कळतं, लहानपणी ही बया केळीच्या टिश्यूकल्चर रोपापेक्षा नाजूक असते.

साध्या कोरफडीसाठी बियांच्या वाटेला जाऊच नये, हे माझं ठाम मत. ती बुडाशी इतकी पिल्लं घालते की वाटायला शेजारी पुरत नाहीत. बी मात्र क्वचित धरते. गल्लीतल्या दहा कुंड्या बहुधा एकाच आईची पिल्लं, म्हणजे झाड एकच. आणि स्वतःचे पराग तिला सहसा चालत नाहीत. त्यामुळे ‘कोरफडीचं खात्रीशीर बी’ असं पाकीट दिसलं की आत काय असेल याची मला उत्सुकता वाटते. वर निळीजांभळी कोरफड छापली असेल तर तीही वाटत नाही.

बी लावावं ते दक्षिण आफ्रिकेतल्या ॲलो फेरॉक्ससारख्या जातीचं. ही एकाच खोडावर माणसाच्या वर उंच जाते, पण पिल्लं घालत नाही. बी चपटं, करडं, कडेला कागदासारखे पंख. बोंड वाळून तडकलं की आपलं बी वाऱ्यावर शेजाऱ्याच्या गच्चीत. म्हणून बोंडं पिकायला लागताच दांड्यावर जुना पायमोजा चढवून सुतळीने बांधावा. येणारेजाणारे हसतात, हसू द्यावं. जवळच दुसऱ्या जातीची कोरफड फुलली असेल तर शिंजीर पक्षी परस्पर सोयरीक जमवून टाकतात. मग उगवेल ते आपलं म्हणायचं.

मुहूर्त ऑक्टोबरचा, पाऊस ओसरल्यावर. पावसाळ्यात बुरशी येते, आणि फेब्रुवारीत पेरलं तर तीन महिन्यांचं लेकरू थेट मे महिन्याच्या तावडीत सापडतं. बियांना 20 ते 25 अंश मानवतात. भांडं म्हणून शेवेचा पारदर्शक डबा उत्तम, खान्देशात त्याची टंचाई नाही. तापवलेल्या खिळ्याने बुडाला आठदहा भोकं पाडायची. आपली काळी माती आत बिलकूल नको: कपाशीला ती लक्ष्मी, पण ओली झाली की चिखल धरून बसते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. दोन भाग जाड वाळू, एक भाग धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेला विटांचा चुरा. त्यावर उकळतं पाणी ओतून मिश्रण पूर्ण गार होऊ द्यावं. मग दोनदोन सेंटिमीटरवर बी ठेवून वर 2-3 मिलिमीटर बारीक खडी भुरभुरावी. खोल पुरलं तर ते तिथेच समाधी घेतं.

पाणी वरून नाही. परातीत दोन सेंटिमीटर पाणी घालून डबा त्यात ठेवावा आणि वरची वाळू ओलसर दिसली की उचलावा. झाकण लावून उजेडात ठेवावं, उन्हात नाही, नाहीतर आतल्या आत भरीत होतं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात हिरवी टोकं दिसतात, गवताच्या पात्यासारखी. घरातला सर्वांत कामसू माणूस ती गवत समजूनच उपटतो.

उगवलं की झाकण थोडं थोडं उघडत न्यायचं. दमट कोंडलेल्या हवेत रोपाचा बुडखा पाणचट होतो आणि रोप आडवं पडतं. सकाळी एक, संध्याकाळी सहा. वाळूवर हिरवं शेवाळ म्हणजे ओल जास्त झाली.

आणि इथेच आपला घात होतो. खान्देशात दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. रोपाला कसं विचारणार नाही? येणारा प्रत्येक पाहुणा ‘सुकी गयं ना भो हाई!’ म्हणत तांब्या कलंडवतो. कोरफड तहानेने क्वचित मरते, बहुतेक वेळा या पाहुणचाराने मरते. वाळू वर कोरडी झाल्यावर आणखी दोन दिवस थांबावं. डब्यावर ‘पाणी घालू नये’ अशी चिठ्ठी लावता येते, पण ती वाचायला लोक तांब्या घेऊनच येतात.

पानं सुरुवातीला दोनच बाजूंना, पंख्यासारखी फुटतात. रोप बिघडलेलं नाही, चक्राकार घेर नंतर धरतं. तीनचार पानांवर वेगळ्या कुंडीत हलवून आठवडाभर कोरडं ठेवायचं, म्हणजे दुखावलेली मुळं कुजत नाहीत. पहिला उन्हाळा 50 टक्के सावली देणाऱ्या हिरव्या जाळीखाली. पानं लालसर झाली तर ऊन जास्त.

जमिनीत लावताना मुरमाचा वीतभर उंच ढीग करून त्यावर. ठिबकची तोटी बुंध्याशी नको, वीतभर लांब, आणि पावसाळ्यात बंद.

आणि फेरॉक्सला पिल्लं नसल्यामुळे दुसरं झाड हवं असेल तर शेवेचे डबे आत्तापासून राखून ठेवा.