कोळशाचा हिशेब घुग्घुसपासून मांडा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस या कोळसा खाणींच्या गावी आमच्या घरी आईनं पापड अंगणात कधी वाळवले नाहीत. समोरून दिवसरात्र कोळशाचे ट्रक जातात. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं, एवढी काळी धूळ. पापड वाळायचे घरात, पंख्याखाली, जुन्या लुगड्यावर. कोळशाची वीज स्वस्त पडते असं कोणी म्हणालं की मला ते लुगडं आठवतं. ही किंमत कुठल्याच बिलात लागत नाही.

भद्रावतीकडं मामाजींचं शेत आहे. कित्येक हिवाळे त्यांनी हरभऱ्याचं ओलित रात्री केलं, कारण लाईनच रात्री यायची. आमच्या भागात रात्री बांधावर जायचं म्हणजे वाघाची भीती. आता १० टक्के हिस्सा भरून सौर पंप बसलाय. मामाजी म्हणतात, "दिवसाच ओलित होते, रातीले झोप येते." एवढ्यासाठी तरी मी सौर विजेच्या बाजूनं आहे.

पण हिशेब पूर्ण मांडू. २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी कोळसा-गॅसविना झाली. आनंदच आहे. मात्र क्षमता वेगळी आणि तारेतून येणारी वीज वेगळी. त्यातली सुमारे ७० टक्के अजून कोळशाचीच. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला, पण ती वीज उन्हातली. मे महिन्यात रात्री दहालाही आमच्याकडं कूलर बंद करता येत नाही. तेव्हासाठी बॅटऱ्या हव्यात, पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प हवेत, नव्या वाहिन्या हव्यात. हा खर्च मोठा आहे, तरी तो करावा असंच मला वाटतं. वाढत्या उन्हाचा पहिला मार चंद्रपूरलाच बसतो.

माझं भांडण आहे ते हा खर्च कोणाच्या माथी पडणार यावरून. खाण बंद झाली तर कायम नोकरीवाल्याची बदली होते. कंत्राटी कामगार, टिप्परचा ड्रायव्हर, पंक्चरवाला, नाक्यावरचा चहावाला, यांची बदली कुठं होणार? मोठमोठे सौर प्रकल्प राजस्थान-गुजरातेत उभे राहताहेत. कोयनेच्या विजेनं महाराष्ट्र उजळला, पण धरणग्रस्तांतली कित्येक कुटुंबं ६० वर्षांनंतरही हक्काच्या जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. तेच पुन्हा आमच्या वाट्याला नको.

२०१५ च्या कायद्यानं खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्क्यांपर्यंतची रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे खाणींची झळ बसलेल्या गावांसाठीच्या निधीत, जमा होते. कोळसा थांबला की हा पैसाही थांबणार. देशानं निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घेण्यासाठी, २०७० साल ठरवलंय. आमच्या कित्येक खाणी त्याआधीच संपतील. म्हणून हा निधी सभागृहं आणि कमानींवर नको. टिप्पर चालवणाऱ्या पोरांना आजच दुसरं काम शिकवा, उकरून टाकलेल्या जमिनीवर पॅनेल लावा, आणि तिथल्या नोकऱ्यांत पहिला हक्क त्याच गावांना लेखी द्या.