डोळा, दोळो आणि निखिलचा आकडा

भाषा एकमेकींच्या किती जवळ हे आता मतांवर नाही, गणितावर ठरतं, असं पुण्यातल्या कलाकार कट्ट्यावर निखिल ठासून सांगत होता. लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानं 1965 मध्ये मांडलेलं अंतर घ्यायचं. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी, गाळावी लागतात ते मोजायचं. "पाणी, कुत्रा, मी. हिंदीत पानी, कुत्ता, मैं. कोकणीत उदक, सुणें, हांव. सांगा, मराठीला जवळची कोण?"

आरती मडगावची. "डोळा आणि दोन घे की! कोकणीत दोळो, दोन. हिंदीत आंख, दो. शब्द निवडशील तसा निकाल लागेल."

म्हणूनच यादी आधी ठरलेली असते, हे निखिलचं उत्तर मला पटलं. भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेशनं 100 शब्दांची यादी केली, जगभरच्या भाषांची संगणकानं तुलना करणारा एएसजेपी प्रकल्प 40 शब्दांवर भागवतो. अवयव, सर्वनामं, पाणी, आग असे सहसा उसने न घेतले जाणारे शब्द. नाहीतर तत्सम शब्दांच्या जोरावर तेलुगूसुद्धा आपली सख्खी बहीण ठरायची.

"बरं, घोडा-घोडो, डोळा-दोळो," आरती सोडेना. "तुमचा शेवटचा 'आ' आमच्याकडे 'ओ' होतो. नियम एकच, पण तुझा प्रोग्राम दर शब्दाला नव्यानं दंड लावतो." इथे मी पूर्णपणे तिच्या बाजूनं. भाषांचं नातं सिद्ध होतं ते अशा नियमित बदलांवरून, आणि नुसती अक्षरं मोजणारा नेमका तोच पुरावा फरक म्हणून खर्ची घालतो.

"म्हणजे कोकणी मराठीची बोलीच झाली की," शिरीष म्हणाला.

आरती उसळलीच. "हिंदी-उर्दूचे रोजचे शब्द मोज, अंतर जवळपास शून्य येईल. मग त्या एकच का?" कोकणी 1992 मध्ये संविधानाच्या आठव्या परिशिष्टात गेली ती लोकांच्या लढ्यामुळे, असली मोजमापं करून कुणी ती तिथे बसवली नाही.

शिरीष स्वतः कुडाळचा. त्याची मालवणी 'माका' म्हणते तेव्हा गोव्याकडे झुकते, 'पाणी' म्हणते तेव्हा पुण्याकडे. रेघ कुठे मारणार? निखिल म्हणाला, रेघ नकोच, गावागावांतलं अंतर काढून नकाशा रंगवू. मला वाटतं, आकड्याचा खरा उपयोग हाच. फक्त देवनागरीत लिहिलेले शब्द घेऊन चालायचं नाही, 'चार' आणि 'चाक' यांतला च लिपीला एकच दिसतो. डेक्कन कॉलेजच्या बोली-सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं आधी ऐकायची, मग मोजायचं, इतकं तिघांनीही मान्य केलं.