पालकत्वाचा कागद आणि सहीचा प्रश्न: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आईवडिलांना मी सल्ला दिला होता: 'अठरा पूर्ण झाली की पालकत्वाचा अर्ज करा', म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घ्यायला आणि सही करायला कायदेशीर पालक नेमून घ्या. त्यावर तुम्ही कडक आक्षेप घेतला आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बौद्धिक अक्षमता असली तरी अठरा वर्षांचा मुलगा सज्ञान नागरिक आहे, त्याच्यावर पालक नेमणं म्हणजे त्याचे हक्क काढून घेणं. त्यापेक्षा ठेवी त्याच्यासोबत संयुक्त नावावर कराव्यात, बहिणीला नॉमिनी करावं, विषय संपला.

हक्कांबद्दल तुम्ही बरेचसे बरोबर आहात. संयुक्त खातं आणि नॉमिनीबद्दल अजिबात नाही, आणि ती चूक आईवडील गेल्यावरच कळते. म्हणून आधी तेच.

समजा 'एदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो) खात्यावर वडील आणि मुलगा अशी नावं आहेत. वडील गेले की खातं चालवायचं एकट्या मुलाने. एफडी मोडायची तर सही त्याचीच. त्याला व्यवहार समजत नाही हे काउंटरवर दिसलं की पालकत्वाचं प्रमाणपत्र मागितलं जातं. स्थानिक स्तर समितीचं (नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालक नेमणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीचं) प्रमाणपत्र चालेल असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलं आहे, पण ते हातात असायला हवं ना! नॉमिनीची गत वेगळी नाही. बहिणीच्या हाती पैसे येतात ते वारसांच्या वतीने, मालकी वारसांचीच. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने भाऊ-बहीण समान वाटेकरी, आणि अपंगत्वामुळे कुणाचा वारसा जात नाही. समजा आईवडील दोघेही गेले आणि भावाच्या निवासी संस्थेची अनामत भरायला बहिणीला राहता फ्लॅट विकायचा आहे. निम्मा हिस्सा भावाचा. खरेदीखतावर त्याच्या वतीने सही कोण करणार? करार करणाऱ्याला कराराचा अर्थ कळला पाहिजे असं करार कायदा सांगतो, आणि खरेदीदाराचा वकील नेमका तिथेच अडून बसतो.

आता हक्कांकडे. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. त्याचं कलम १४ नीट वाचलं तर स्थानिक स्तर समितीने दोन गोष्टी पाहायच्या आहेत: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कशासाठी. अर्ज भरताना मात्र आपण 'सर्व व्यवहारांसाठी' असं ठोकून देतो आणि मोकळे होतो. तुमचा राग इथे निघायला हवा होता. त्या जागी नेमकं लिहावं: बँक खातं व ठेवी, कुटुंब निवृत्तीवेतन, शस्त्रक्रियेची संमती. कपडे कोणते, मित्र कोण, सुट्टीत कुठे जायचं यातलं काही तिथे येत नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर 'मर्यादित पालकत्व'च सांगतो. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, पालक आणि ती व्यक्ती या दोघांनी मिळून आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून.

काहींना तर पालकाची मुळीच गरज नसते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे, बुद्धी तल्लख आहे, फक्त हाताने सही जमत नाही, अशांसाठीही सर्रास पालकत्वाचे अर्ज होतात. हे चूकच. सही जमत नसेल तर अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत हे माहीत नसतं, म्हणून नकार दिला तर तो लेखी मागावा.

पालकावर अंकुश नाही, हाही तुमचा आक्षेप. नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आहे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्ता, येणी आणि देणी यांची यादी द्यायची, पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, हिशेब. हेळसांड किंवा अफरातफर झाली तर पालक काढता येतो. प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात ठेवलं आणि हिशेब विसरले, असं झालं की अंकुश कागदावरच राहतो.

फ्लॅटसारख्या मालमत्तेसाठी पालकत्वावर विसंबू नये. मुलाचा हिस्सा मृत्युपत्राने खासगी ट्रस्टकडे जाऊ द्यावा. लाभार्थी तो एकटाच आणि त्याचा हिस्सा निश्चित, असं न्यासपत्रात (ट्रस्टच्या दस्तात) स्पष्ट हवं. विश्वस्तांच्या मर्जीवर वाटप ठेवलं तर आयकर साधारणपणे सर्वांत वरच्या दराने लागतो. विश्वस्त तीन ठेवावेत आणि एक नात्याबाहेरचा असावा. भावाच्या मागे उरलेली रक्कम ज्या बहिणीला मिळणार, तिलाच एकटीला विश्वस्त करू नये. ती कितीही प्रेमळ असो, त्याच्यावर खर्च झालेला प्रत्येक रुपया तिच्या वाट्यातून जातो, अशा जागी तिला बसवायचंच कशाला?

राहिली 'इच्छा'. ती कायद्यात लिहिली आहे, पण ओळखायची कुणी? तुमच्या आक्षेपाला खरं उत्तर माझ्या मते आईवडिलांनी त्याच्या सवयी लिहून ठेवलेल्या दोनशे पानी वहीत आहे. औषधं आणि रक्तगट सगळेच लिहितात. अशा ओळी राहून जातात:

'"नाही" म्हणत नाही. नको असेल तर ताट डावीकडे सरकवतो. पुन्हा वाढलं तर हाताला चावतो, तो राग नव्हे.'

'फिट्सची गोळी चहाबरोबर थुंकतो. वरणभाताच्या पहिल्या घासात घेतो.'

'दाढीला माणूस बदलला तर आधी रिकामं मशीन दाखवायचं.'

दर वाढदिवसाला पानं पुन्हा वाचावीत आणि बदललेल्या ओळीसमोर तारीख टाकावी. मग आईवडील धडधाकट असतानाच त्याला पंधरा दिवस निवासी संस्थेत किंवा मावशीकडे ठेवावं, फक्त या वहीच्या भरवशावर. तिथून जितके फोन येतील, तितक्या ओळी लिहायच्या राहिल्या आहेत.